आम्ही तिघं भाऊ

२१ जानेवारी २००३

अंगारकी. सकाळपासून गिरणी बंद. राजूरच्या रस्त्यावर आज माणूसच माणूस, पीठ उडालं की लोक शिव्या देतात. दुपारून गर्दीतून वसंता आला, माझा भाऊ. आष्टीहून, अनवाणी, कपाळभर शेंदूर. म्हटलं, नवस कशाचा रे बोललास? तर गिरणीच्या ओट्यावर बसला आणि रडायलाच लागला.

राधूचं परत आलंय!

राधाकिसन, सगळ्यात धाकटा आमचा, सत्तावीस वर्षांचा. गेल्या साली मानेत गाठी आल्या. लिम्फोमा, त्यातही जोरात वाढणारा. औरंगाबादला केमो झाल्या, गाठी विरघळल्या, आबांनी, आमच्या बापाने, पेढे वाटले. दिवाळीनंतर काखेत परत गाठी! ह्या वेळी मुंबईला नेलं. तिथले डॉक्टर म्हणतात साधी केमो आता पुरायची नाही. इतक्या जोराची द्यायची की हाडातला मगजसुद्धा मरतो. मग त्या जागी नव्या मूळ पेशी घालायच्या. त्याच्या स्वतःच्या चालत नाहीत, कारण आजार मगजात शिरलाय. सख्ख्या भावंडाच्या जुळल्या तर घ्यायच्या. थोरल्या कडूबादादाचं रक्त तपासलं, वसंताचं तपासलं. दोघांचंही जुळलं नाही.

मला कुणी कळवलंसुद्धा नाही. सासरी लेकीला घोर नको म्हणून!

मी विचारलं, "आन् माझं रक्त?"

वसंता माझ्याकडे बघतच राहिला. "तुझं कसं आक्का? तू तर दाजींच्या घरची."

डॉक्टरांनी विचारलं होतं, भावंडं किती? आबा म्हणाले, तिघं भाऊ. दादा आणि वसंता शेजारी उभे, त्यांनी मान हलवली. झालं! दोन महिने होत आले ह्या गोष्टीला.

२२ जानेवारी

डोकं अजून तापलेलं. बायकांचे गहू ज्वारीच्या डब्यात ओतले. दोनदा.

२५ जानेवारी, आष्टी

आल्या आल्या आबांसमोर जाऊन बसले. आबा घोंगडीवर, पुढ्यात पानाचा डबा. आख्खं आयुष्य मेंढरांमागे गेलं माणसाचं, आता शेती आहे, पण बसणं अजून रानातलंच. म्हटलं, "आबा, माझं रक्त तपासायला न्या."

"तसं नसतंय पोरी. दिलेल्या लेकीचं काय घेत नसतेत."

"लुगडं न्हाई मागून राह्यले मी. रक्त देते म्हनले."

"तेच सांगून राह्यलो. लग्नात बाईचं कूळ बदलतंय. नवऱ्याचं कूळ तेच तिचं कूळ. मंग रक्त आमचं कसं ऱ्हाईल? डाक्टरला काय, त्यो टोचून बघंल. जुळायचं न्हाई ते."

खरंच असं वाटतं त्यांना! मला टाकून नाही बोलत. चतुर्थीच्या चंद्राइतकं नक्की आहे त्यांच्या मनात.

मी म्हटलं, "कूळ मांडवात बदललं, मान्य. रक्त बदलायला मांडवात सुई टोचली व्हती का मला?"

दादा खाली बघत होता. म्हणाला, "खरं सांगू जयवंता, तिथं आमच्या कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई." दादाचा राग नाही येत मला. तो खोटं बोलत नाही, एवढंच.

आणि मग आतून माय बाहेर आली. माझी माय, गोपिकाबाई, जी चार माणसांत तोंड उघडत नाही. चुलीची राख हाताला तशीच. म्हणाली, "चौघं काढली म्या पोटातून. मोजायचीच व्हती तर मला इचारायचं." आणि आत गेली. वसंता लगेच मुंबईला फोन लावायला एसटीडीवर गेला.

राधू पलीकडच्या खोलीत. वाळलाय. पण थट्टा जागेवर. परतूरला मोटार वायंडिंगचं दुकान त्याचं, गावोगावच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात. म्हणतो, "आक्का, सोपं हाय. जळालेली तार सगळी उपसून काढायची, एक वेटोळा ठेवायचा न्हाई. मंग नवी भरायची. औरंगाबादवाल्यानं अर्धी जुनी ठेवली, म्हनून मोटार परत बसली."

"आन् तार माझी," मी म्हटलं.

"जुळली तर."

"जुळल्याबिगर जाते कुठं!"

२८ जानेवारी, राजूर

आता इकडची परवानगी. आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या कानावर घातलं. द्वारकाबाई नाव त्यांचं, पण गाव त्यांना फौजदारीण म्हणतं. "अंगातलं काढून माहेराला द्यायचं? उद्या तू खाटल्यावर पडलीस तर गिरनी कोन चालवंल? तुझा भाऊ?" ह्यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, पुंजारामांनी, नेहमीसारखं तोंड गप्प ठेवलं. मी म्हटलं, आत्याबाई, मगज परत भरतो, डॉक्टर म्हणतात महिन्याभरात होतं तसं होतं. त्यांनी विचार केला. मग म्हणाल्या, "मेंढराची लोकर भादरल्यावर येती तसं का?" तसंच! "मंग जा की. लोकर येनारच हाय तर." आणि ह्यांना म्हणाल्या, जल्दी टिकट काढ रेल्वेचं.

४ फेब्रुवारी, मुंबई

रक्त दिलं. एवढीशी बाटली. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, मराठी साफ. त्यांनी कागद बघितला, मला बघितलं. "तुम्ही सख्ख्या? मग पहिल्यांदा का नाही आलात?" मी आबांकडे बघितलं. आबा भिंतीकडे.

सख्ख्या भावंडाचं जुळायची शक्यता चारात एक, म्हणाल्या. मी म्हटलं, दोन झाली की, आता माझी पाळी. त्या हसल्या. असं नसतं म्हणाल्या. प्रत्येकाची पाळी वेगळी असते.

असेल. माझंच जुळणार.

१७ फेब्रुवारी

जुळलं!!! शेजारच्या दुकानात फोन आला, मी दळण टाकून पळाले, गिरणी तशीच चालू. परत आले तर पीठ जळक्या वासाचं. त्या बाईला नवं दळून दिलं वर गुळाचा खडा दिला.

१८ फेब्रुवारी

वसंताचा फोन. आबांना सांगितलं तर म्हणे त्यांनी एवढंच विचारलं, "पुरं जुळलं? का थोडं?" पुरं.

१६ मार्च

राधू मुंबईला भरती. आधी मोठ्या केमो दोन, गाठी जितक्या बसवता येतील तितक्या बसवायच्या. पहिली झाली. उलट्या, पण गाठ निम्मी. काखेत हात लावला तरी दुखत नाही म्हणाला. केस गेले. वसंता म्हणतो वार्डातल्या सगळ्यांत राधूचं टक्कल सरस. चांगलं चाललंय. मला आधीपासून माहीत होतं.

१० एप्रिल, मुंबई

हॉस्पिटलाजवळच्या धर्मशाळेत आम्ही — मी, माय, वसंता. गिरणीवर हे आणि आमची लेक शिवकन्या. दहावीची परीक्षा संपली तिची, पट्टा चढवता येतो तिला, ह्यांना येत नाही.

मला रोज पोटात सुई. त्याने मूळ पेशी मगजातून बाहेर रक्तात येतात. कंबर, मांड्या, छातीचं हाड — आतून कुणी मुसळाने कांडतंय असं. बाळंतपणानंतर असं दुखलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखतंय म्हणजे काम होतंय. मग दुखू दे.

तिकडे राधूला खरी मोठी केमो सुरू. त्याच्या खोलीत आता कुणी नाही. काच. आतला एकटाच, बाहेर फोन लावलाय, त्यातून बोलायचं. "उपसून राह्यले," म्हणाला. "एक वेटोळा ठेवत न्हाईत."

१४ एप्रिल

मशीनला बसले. एका हातातून रक्त जातं, मशीनमध्ये फिरतं, पाहिजे ते गाळून घेतात, बाकीचं दुसऱ्या हातात परत. चाळणीच की ही! कोंडा बाजूला, पीठ खाली. मशीनवाल्या पोरीला सांगितलं, तुमची गिरणी आवाज करत नाही, बाकी तत्त्व तेच. ओठाला मुंग्या आल्या, तिने चघळायला चुन्याच्या, कॅल्शियमच्या, गोळ्या दिल्या. नाक खाजलं तर दोन्ही हात अडकलेले, मायने खाजवलं. माय हसली. किती दिवसांनी.

१५ एप्रिल

दिली. एवढी धामधूम आणि शेवटी एक पिशवी, टोमॅटोच्या साराच्या रंगाची. सलाइनसारखी लावली. मला वाटलं घंटा तरी वाजेल. काचेतून बघत होते. राधूने अंगठा वर केला, मग झोपला.

आबा आलेत. बिरोबाचा भंडारा फडक्यात बांधून आणलाय. नर्स म्हणाली आत नेता येणार नाही, चिमूटभर हळदसुद्धा नाही, त्याच्या अंगात आता लढायला काहीच उरलेलं नाही. आबांनी वाद घातला नाही. बोटाने भंडारा काचेला लावला, त्याच्या कपाळाच्या उंचीवर. राधूने आतून कपाळ आणून तिथे टेकवलं.

२० एप्रिल

तोंड आतून सोललंय त्याचं. थुंकी गिळता येत नाही. पांढऱ्या पेशी शून्य. डॉक्टरीणबाई म्हणतात हे असंच असतं, ह्यातून जावंच लागतं.

२३ एप्रिल

ताप. फोन उचलला नाही त्याने. पाठ फिरवून पडून होता. भीती वाटली मला. लिहून टाकते, म्हणजे इथे राहील आणि मायसमोर तोंडावर येणार नाही.

२४ एप्रिल

ताप आहे. औषध बदललं. मी धर्मशाळेच्या चुलीवर सगळ्यांच्या भाकरी केल्या, नात्यागोत्याच्या नसलेल्यांच्यापण. बसवत नव्हतं.

२६ एप्रिल

ताप उतरला. राधू फोनवर, घोगरा, एकच वाक्य: "आक्का, करंट आला का गं?" नाही आला अजून. येईल. माझी तार आहे!

३० एप्रिल

आला! पांढऱ्या पेशी शंभराच्या वर. उद्या वाढतील म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. ह्या पेशी त्याच्या नाहीत म्हणाल्या, त्याच्या सगळ्या मेल्या. ह्या तुमच्या. तिथे घर करून राहिल्यात.

आबांना समजावून सांगितलं. ते ऐकत होते. मग उठले, बाहेर जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आले. आबांनी! हातात कप घेऊन! मी म्हटलं, साखर कमी आहे.

२९ मे

राधू खोलीबाहेर. पण हातापायांवर लाल पुरळ, तळवे भाजल्यासारखे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या पेशींना त्याचं अंग परकं वाटतंय, भांडतायत. थोडं भांडण चांगलंच. त्याच भांडणात उरलासुरला आजार मरतो. जास्त झालं तर वाईट, म्हणून गोळ्या.

राधू म्हणाला, "डॉक्टर, ती माझी आक्का हाय. भांडल्याबिगर तिला अन्न गोड लागत न्हाई."

५ जून

पुरळ आठवड्यात बसलं. मी नाही, पण माझ्या पेशी ऐकतात म्हणजे कुणाचं तरी.

२ ऑगस्ट, आष्टी

घरी!! गाठी नाहीत. फोटोत काखेत काही नाही, पोटात काही नाही, मगजात आजाराचं नाव नाही. जोरदार केमो आणि माझ्या पेशी, दोघींनी मिळून साफ केलं. मास्क लावून ओट्यावर बसला होता, गावातली पोरं लांबून बघतायत. माय सगळं उकळून देते. पाणी उकळून, दूध उकळून. परवा पेरू उकळला.

१९ सप्टेंबर

आज हसून हसून पोट दुखलं. जालन्याला राधूचं रक्त तपासलं. जन्मल्यापासून ओ गट त्याचा. आता बी. माझा बी! डॉक्टर म्हणाले असंच होतं, रक्त आता तुमच्या मगजातून तयार होतं ना.

आष्टीला येऊन आबांना सांगितलं. आबांनी पान चघळायचं थांबवलं. अगदी मनापासून विचारलं, "म्हंजे ह्याचं बी कूळ बदललं का?"

हेही होते सोबत. कधी बोलत नाहीत, पण आज बोलले, "बदललं मामा. आता त्यो बी आमच्या घरचा." दादासुद्धा हसला. आबा नाही हसले. त्यांनी राधूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "न्हाई. तसं न्हाई. मंग माझंच चुकत आलं व्हतं." आणि परत पान चघळायला लागले.

मला जिंकल्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही.

२६ ऑक्टोबर, राजूर

भाऊबीज. तिघंही आले. राधूच्या डोक्यावर नवे केस, कुरळे! आमच्यात कुणाचेच कुरळे नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, "लोकर आली की बराबर." परतूरचं दुकान उघडलं म्हणाला, महिन्यात चार मोटारी भरल्या. जेवला पोटभर, धपाटे आणि दही, दही त्याला चालतं आता. ओवाळताना तबक हातात धरून मी एवढी खूश होते की वसंताला टिळा लावायचा विसरले.

खरं सांगते, आपण जिंकलो.

१५ नोव्हेंबर

जांघेत गाठ. दोन बोटांएवढी. राधूनेच मला दाखवली, मायला नाही.

२१ नोव्हेंबर, मुंबई

परत आलंय. तोच आजार. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढून सांगितलं. अजून एक वाट आहे. पुन्हा केमो, मग माझ्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढून त्याला द्यायच्या, मूळ पेशी नाही, ह्या वेळी नुसते भांडखोर. पुरळ येईल, लिव्हर दुखावेल, कदाचित आधीपेक्षा वाईट. महिना-दोन महिने हॉस्पिटल. दहातल्या एका-दोघांना उपयोग होतो म्हणाल्या.

एक तरी आहे ना! पहिल्या वेळी चारात एक होतं, तेव्हाही मीच निघाले. उजवा हात तिथेच पुढे केला, घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या, आधी केमो, त्यासाठी डिसेंबरात बोलावू, घरी जाऊन तयारी करून या.

रेल्वेत राधू खिडकीला डोकं लावून बसला. बदनापूर आलं, जालना जवळ आलं, तरी तसाच. थकला असेल.

२९ नोव्हेंबर, राजूर

आबा आले! एकटे, एसटीने, दोन बस बदलून. गिरणीच्या दारात उभे, धोतरावर पीठ उडतंय. मी पट्टा थांबवला.

"जयवंते, पुन्हा येशील का गं द्यायला? तुलाच इचारायला आलो. आधी तुला."

मी म्हटलं, त्यासाठी एवढा फेरा कशाला घातला, फोन करायचा. आत्याबाईंनी त्यांना पाट दिला, आणि मला म्हणाल्या बॅग भर. हे म्हणाले गिरणी बघतो. शिवकन्या म्हणाली पट्टा मी बघते. सगळे तयार. पहिल्यांदा मी एकेकाशी भांडत गेले होते, आज भांडायला समोर कुणीच नाही!

बॅग भरली. राधूसाठी स्वेटर घेतलाय, मुंबईत लागत नाही तरी. त्या खोलीत एसी फार असतो.

४ डिसेंबर, आष्टी

बॅगा दारात. दादा रिक्षा घेऊन आलाय. राधूने चप्पल घातलीच नाही. खांबाला टेकून बसला आणि म्हणाला, "आक्का, म्या न्हाई येत."

दहा उत्तरं होती माझ्याकडे. तोंडापर्यंत आली. मी खाली त्याच्याशेजारी बसले आणि विचारलं, "मंग तुला काय पायजे राधू?" इतक्या महिन्यांत हे मी त्याला पहिल्यांदाच विचारलं.

"हितंच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

दादाला सांगितलं, रिक्षा परत पाठव.